फुचोविचचे ३६० गुण

सोमवार, ११ जुलै २०२२. हंगेरीचा टेनिसपटू मार्टन फुचोविच त्या दिवशी कुठलाही सामना हरला नव्हता. तरी त्याच्या खात्यातून ३६० गुण गेले. आदल्या वर्षी विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठून त्यानं ते कमावले होते. त्यांची मुदत संपली. एरवी अशा वेळी त्या वर्षीच्या विम्बल्डनमधले गुण त्यांच्या जागी येऊन बसतात, मग ते कमी असोत की जास्त. २०२२ मध्ये मात्र विम्बल्डननं रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातली आणि त्याला उत्तर म्हणून एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेनं त्या स्पर्धेचे गुणच काढून घेतले. म्हणजे जुने गेले आणि नवे मिळण्याची सोयच नव्हती. नोव्हाक जोकोविच ती स्पर्धा जिंकला आणि क्रमवारीत सातवा झाला. रॉजर फेडरर वर्षभर खेळलाच नव्हता, त्याचं नाव त्याच सोमवारी क्रमवारीतून पूर्ण निघालं.

जोकोविच आणि फेडररची बातमी जगभर झाली. फुचोविचची कोण करणार? पण क्रमवारीचं यंत्र समजून घ्यायचं तर माझ्या मते त्याच्यासारखाच खेळाडू घ्यावा. अव्वल दहातल्या खेळाडूला हे यंत्र फारसं टोचत नाही, एक स्पर्धा वाईट गेली तरी दुसरी सावरून घेते. तिसाव्या आणि शंभराव्या क्रमांकाच्या मधे जे राहतात त्यांच्या आयुष्यात मात्र प्रत्येक आठवडा मोजला जातो. कुठली स्पर्धा खेळता येणार, पहिल्या फेरीत कोण समोर येणार, महिनाअखेर प्रशिक्षकाचे पैसे कुठून द्यायचे, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

फुचोविचचा जन्म १९९२ चा, ईशान्य हंगेरीतल्या न्यिरेज्हाझा शहरातला. २०१० मध्ये त्यानं विम्बल्डनच्या कुमार गटाचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या बेन मिचेलला ६-४, ६-४ असं हरवलं. त्याआधी, २००९ मध्ये, तैवानच्या जोडीदारासोबत अमेरिकन ओपनची कुमार दुहेरीही जिंकली होती. कुमारांच्या जागतिक क्रमवारीत तो पहिला आला. हंगेरीत साहजिकच आनंदीआनंद झाला.

आता पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की कुमारांची क्रमवारी आणि व्यावसायिकांची क्रमवारी या दोन वेगळ्या वह्या आहेत. एका वहीतलं दुसरीत चढत नाही. कुमार विम्बल्डन जिंकणाऱ्याला त्या विजयाबद्दल एटीपीचा एकही गुण मिळत नाही. फार तर नाव होतं, प्रायोजक फोन करतात, एखाद्या स्पर्धेचे आयोजक वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता प्रवेश, देतात. त्यापुढे अठरा वर्षांच्या मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि समोर उभे असतात पंचवीस-तिशीतले, अंगानं भरलेले, तीच एक नोकरी करत आलेले पुरुष. आपल्याकडचं उदाहरण युकी भांब्रीचं. २००९ मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार विजेता झाला. एकेरीत पुढे त्याची सर्वोत्तम मजल ८३ पर्यंत गेली, तीही नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये. कुमार विजेत्यांच्या यादीवरून नजर फिरवली तर अशी नावं बरीच सापडतात.

शून्यापासूनचा हा जिना तळाशी सर्वांत अरुंद आहे. खाली फ्यूचर्स स्पर्धा. अगदी अलीकडेपर्यंत त्यातल्या सर्वांत लहान स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असायची. पाच सामने जिंकून विजेता झालेल्याला त्यातले २,१६० डॉलर मिळत आणि पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याला १५६. यातून विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा, जेवण सगळं भागवायचं. त्याच्या वर चॅलेंजर स्पर्धा. तिथे विजेत्याला स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे साधारण ५० ते १७५ गुण मिळतात. त्याच्या वर एटीपी २५०, ५००, १००० आणि शिखरावर चार ग्रँडस्लॅम. २५०, ५००, १००० हे आकडे विजेत्याला मिळणाऱ्या गुणांचे आहेत. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ दरम्यान जी एटीपी स्पर्धा भरायची ती २५० च्या वर्गातली होती. त्यानंतर तिथे चॅलेंजर स्पर्धा होऊ लागली. बालेवाडीच्या प्रेक्षकाला या दोन पायऱ्यांमधला फरक समजावून सांगायची गरज नाही, त्यानं तो खुर्चीत बसून पाहिला आहे.

फुचोविचला हा जिना चढायला सात वर्षं लागली. कुमार विजेता झालेल्या मुलाबद्दल या काळात लोक काय बोलत असतील याची कल्पना करता येते. ‘वाया गेला’ हे वाक्य सगळ्या भाषांत असावं. जून २०१७ मध्ये इंग्लंडच्या इल्कली गावातल्या गवतावरची चॅलेंजर स्पर्धा त्यानं जिंकली आणि त्या विजयामुळे विम्बल्डनच्या मुख्य फेरीचं वाइल्ड कार्ड मिळालं. पहिल्याच फेरीत जील म्युलरनं त्याला बाहेर काढलं. पण त्याच वर्षी तो पहिल्या शंभरात आला.

हा शंभराचा आकडा का महत्त्वाचा? ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांतले १०४ थेट क्रमवारीनुसार येतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर. क्रमवारी पाहिली जाते ती स्पर्धेच्या सुमारे सहा आठवडे आधीची. म्हणजे साधारण शंभराच्या आत असाल तर थेट प्रवेश, बाहेर असाल तर पात्रता फेरीत तीन सामने जिंका आणि मग मुख्य फेरीत या. आणि नुसत्या प्रवेशाची किंमत बघा. २०२१ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ४८,००० पौंड मिळाले. उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला ३,००,०००. नव्वदाव्या आणि एकशे वीसाव्या क्रमांकाच्या खेळाडूंच्या खेळात उन्नीस-बीसचा फरक असेल, पण उत्पन्नात असा फरक पडतो की एकाकडे पूर्णवेळ प्रशिक्षक आणि फिजिओ असतो आणि दुसरा स्वतःच्या हातानं गुडघ्याला पट्टी बांधतो.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. डेव्हिस करंडकात हंगेरीनं बुडापेस्टला रशियाचा ३-१ असा पराभव केला आणि वर्ल्ड ग्रुपमध्ये प्रवेश मिळवला. हंगेरीसारख्या देशासाठी ही मोठीच गोष्ट. पण २०१६ पासून डेव्हिस करंडकातल्या सामन्यांना क्रमवारीचे गुण नाहीत. देशासाठी खेळून फुचोविचला लोकांचं प्रेम मिळालं, क्रमवारीत मात्र काही नाही. हे बरोबर की चूक यावर वाद आहे. मला विचाराल तर चूक.

आता हिशेबाचा मुख्य नियम. खेळाडूची क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांतल्या त्याच्या सर्वोत्तम निकालांची बेरीज. २०२२ च्या सुमारास १९ स्पर्धा धरल्या जात. त्यांत चार ग्रँडस्लॅम आणि १००० च्या वर्गातल्या आठ सक्तीच्या स्पर्धा, बाकी जिथे चांगली कामगिरी झाली त्या. दर सोमवारी नवी यादी निघते. गेल्या वर्षी ज्या स्पर्धेत गुण मिळाले, ती स्पर्धा यंदा झाली की जुने गुण वजा आणि नवे जमा. म्हणून खेळाडू म्हणतात, मला इतके गुण ‘वाचवायचे’ आहेत. गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हा जिंकलात तर तुम्ही जागेवरच राहता. पुढे सरकायचं तर नवीन ठिकाणी जिंकावं लागतं.

जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला फुचोविचनं पहिल्यांदा मोठा हात मारला. पहिल्या फेरीत राडू आल्बोट, दुसऱ्या फेरीत तेरावा मानांकित सॅम क्वेरी, तिसऱ्या फेरीत निकोलास किकर. चौथ्या फेरीत समोर फेडरर. ६-४, ७-६, ६-२ असा तो हरला, पण चौथ्या फेरीचे १८० गुण खात्यात आले.

इथे मानांकनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठी वृत्तपत्रांत क्रमवारी आणि मानांकन हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. क्रमवारी ही दर आठवड्याची जगभराची यादी. मानांकन हे त्या त्या स्पर्धेपुरतं. ग्रँडस्लॅममध्ये पहिल्या ३२ खेळाडूंना मानांकन मिळतं आणि ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत, असा काढतात की ते तिसऱ्या फेरीआधी एकमेकांसमोर येत नाहीत. तेहतिसाव्याला हे कवच नाही. तो पहिल्याच फेरीत जोकोविचसमोर येऊ शकतो. फुचोविचच्या मोठ्या विजयांची यादी काढली की हे फार ठळक दिसतं. २०२० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत तेरावा मानांकित डेनिस शापोवालोव, दुसरीत यानिक सिन्नर. २०२० च्या फ्रेंच ओपनमध्ये पहिल्याच फेरीत चौथा मानांकित डॅनिल मेदवेदेव. २०२१ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत एकोणिसावा मानांकित सिन्नर. या सगळ्यांना त्यानं हरवलं. पण असे ड्रॉ येतात तेव्हा बहुतेक खेळाडू पहिल्या दिवशीच घरी जातात आणि त्या पराभवाची चर्चाही होत नाही.

मे २०१८ मध्ये जिनिव्हाला त्यानं पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात जर्मनीच्या पीटर गोयोव्हचिकला ६-२, ६-२. हंगेरीच्या पुरुष खेळाडूनं एटीपी स्पर्धा जिंकण्याची ही १९८२ नंतरची पहिलीच वेळ. १९८२ मधला तो विजेता बालाझ तारोत्सी. एकेरीत एकेकाळी जगातला बारावा आणि १९८५ मध्ये हाइन्झ गुंटहार्टच्या साथीनं विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीचा विजेता. मधली छत्तीस वर्षं कोरडी.

जिनिव्हाची स्पर्धा फ्रेंच ओपनच्या आदल्या आठवड्यात असते. मोठे खेळाडू तेव्हा पॅरिसमध्ये सराव करत असतात किंवा विश्रांती घेतात. मधल्या फळीतल्यांसाठी ही संधी आणि धोका दोन्ही. जिंकलात तर २५० गुण, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं ग्रँडस्लॅमच्या चौथ्या फेरीपेक्षा जास्त. पण शनिवारी अंतिम सामना खेळून थकलेलं शरीर घेऊन दोन-तीन दिवसांत पाच सेटच्या स्पर्धेत उतरायचं. काही खेळाडू म्हणूनच हा आठवडा टाळतात. फुचोविचचा स्वभाव तसा नसावा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सोफियाच्या अंतिम सामन्यात तो मेदवेदेवकडून हरला आणि ४ मार्च २०१९ रोजी क्रमवारीत ३१ वा आला. वय सत्तावीस. हा त्याचा सर्वोत्तम क्रमांक. पण त्या मार्चमध्ये त्याच्या खात्यात जिनिव्हाचे २५० गुण अजून उभे होते आणि मे महिन्यात ते जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. मे आला, जिनिव्हा अलेक्झांडर झ्वेरेवनं जिंकलं, फुचोविचचा क्रमांक खाली आला. तो अचानक वाईट खेळू लागला असं नाही. आदल्या वर्षी तो एक आठवडा फार चांगला खेळला होता, इतकंच. आकडा वर जातो तेव्हा आपण म्हणतो फॉर्मात आहे, खाली येतो तेव्हा म्हणतो ढेपाळला. पुष्कळदा दोन्ही वाक्यं वर्षभर शिळी असतात.

२०२० मध्ये करोनामुळे मार्च ते ऑगस्ट क्रमवारी गोठवली गेली आणि पुढे काही काळ जुने गुण जास्त मुदतीसाठी धरले गेले. त्या गुंतागुंतीत इथे शिरत नाही. ते नियम नीट समजलेले खेळाडूही थोडेच असतील.

ड्रॉ किती छळू शकतो हे पाहायचं असेल तर फुचोविच आणि रशियाचा आंद्रे रुबलेव ही जोडी पाहावी. २०२० च्या फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत रुबलेवनं त्याला चार सेटमध्ये हरवलं. मार्च २०२१ मध्ये रॉटरडॅमला फुचोविच पात्रता फेरीतून आला, एकामागून एक सामने जिंकत अंतिम फेरीत पोचला आणि समोर रुबलेव. हरला, ७-६, ६-४. पुढच्या आठवड्यात दोहा, समोर रुबलेव. फुचोविचनं सामना सोडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुबई, उपांत्यपूर्व फेरी, समोर रुबलेव. हरला. मग मायामी, तिसरी फेरी, पुन्हा रुबलेव, ६-२, ६-१. एका महिन्यात चार देश, चार स्पर्धा आणि जाळीपलीकडे तोच लाल केसांचा माणूस. ड्रॉमध्ये रुबलेव दुसऱ्या अर्ध्यात पडला असता तर त्या महिन्यात फुचोविचच्या खात्यात किती गुण पडले असते हा प्रश्न विचारून उपयोग नाही, पण मनात येतोच.

आणि मग जून-जुलै २०२१ चं विम्बल्डन. पहिल्या फेरीत सिन्नर, चार सेट. दुसऱ्या फेरीत यिरी वेसेली. तिसऱ्या फेरीत नववा मानांकित दिएगो श्वार्ट्झमन. चौथ्या फेरीत, अर्थातच, रुबलेव. पहिला सेट फुचोविचनं ६-३ घेतला. दुसरा आणि तिसरा रुबलेवनं ६-४, ६-४. इथपर्यंत जुनीच गोष्ट वाटत होती. चौथ्या सेटमध्ये फुचोविचनं रुबलेवला एकही गेम घेऊ दिला नाही. ६-०. तो सेट नुसता आकड्यांत वाचला तरी कळतं की काहीतरी उलटलं. गवतावर चेंडू खाली राहतो, रुबलेवचा जोरकस फोरहँड कमरेच्या वर चेंडू आला तर जीवघेणा असतो. फुचोविच बॅकहँडनं चेंडू लांब आणि खाली ठेवत राहिला, रॅली वाढवत राहिला आणि जो माणूस मारूनच जिंकतो त्याला मारायला काही मिळेना. पाचवा सेट ६-३. पाच सेट खेळूनही शेवटी पाय हलत होते ते फुचोविचचेच. त्याच्या व्यायामशाळेतल्या शरीराचं कौतुक टेनिस जगतात नेहमी होतं. शर्ट बदलताना कॅमेरे त्याच्याकडे वळतात हा जुना विनोद आहे. त्या दिवशी त्या शरीराचं खरं काम दिसलं.

विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीचा पुरुष पोचला तो १९४८ नंतर पहिल्यांदा. त्या वर्षी योझेफ आश्बोथ उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. तोच आश्बोथ १९४७ मध्ये फ्रेंच स्पर्धेचा विजेता होता. फुचोविचसमोर मात्र जोकोविच होता. बघता बघता जोकोविच ५-० नं पुढे गेला. तिथून फुचोविचनं तीन गेम काढले, सेट ६-३ ला गेला, पुढचे दोन ६-४, ६-४. या चार विजयांचे ते ३६० गुण, ज्यांच्यापासून आपण सुरुवात केली.

ते गेले तेव्हा काय झालं? जे या जिन्यावर नेहमी होतं तेच. खाली उतरून पुन्हा चढावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये हा विम्बल्डनचा उपांत्यपूर्व खेळाडू कॅनबेराला चॅलेंजर स्पर्धा खेळत होता. अशा स्पर्धांत गर्दी तुरळक असते आणि समोर विशीतली पोरं उभी असतात, ज्यांना मोठ्या नावाला हरवून आपलं नाव करायचं असतं. फुचोविचनं ती स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या तरुण लिआन्द्रो रीदीला हरवून. त्या जुलैत विम्बल्डनला तिसऱ्या फेरीत पहिला सेट जिंकूनही तो मेदवेदेवकडून हरला. अनेक खेळाडूंना कोर्टवरचा पराभव पचतो, पण मोठ्या मंडपातून पुन्हा लहान मैदानावर जाणं पचत नाही. निवृत्ती बहुतेक तिथेच ठरते. फुचोविचचं मला सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते रुबलेवच्या सामन्यापेक्षाही कॅनबेराचं.

एप्रिल २०२४ मध्ये बुखारेस्टला अर्जेंटिनाच्या मारियानो नावोनेला ६-४, ७-५ असं हरवून त्यानं दुसरं एटीपी विजेतेपद मिळवलं. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये सहा वर्षं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत विन्स्टन-सेलमला बोटिक व्हॅन डे झँडशुल्पला दोन सेटमध्ये हरवून तिसरं. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. ही स्पर्धासुद्धा ग्रँडस्लॅमच्या आदल्या आठवड्यातली, अमेरिकन ओपनच्या तोंडावरची. म्हणजे तीनपैकी दोन विजेतेपदं त्यानं अशा आठवड्यांत मिळवली जे इतर पुष्कळ जण सोडून देतात. ज्याला कुठे गुण मिळवायचे हे कळतं तोच या फळीत इतकी वर्षं टिकतो, आणि हे कौशल्य फोरहँडइतकंच शिकावं लागतं.

दरम्यान एटीपीनं २०२४ पासून गुणांचा तक्ता थोडा बदलला. ग्रँडस्लॅमची उपांत्यपूर्व फेरी आता ३६० ऐवजी ४०० गुणांची आणि चौथी फेरी १८० ऐवजी २०० ची झाली. २५० च्या स्पर्धेत उपविजेत्याला १५० ऐवजी १६५ मिळू लागले. विजेत्याचे २५० तेवढेच राहिले. ५२ आठवड्यांची मुदतही तीच आहे.

पुढच्या वेळी वृत्तपत्रात कुणा सुमित नागलची किंवा आणखी कुणाची ‘क्रमवारीत घसरण’ अशी चौकट दिसली, तर आधी एक वर्षापूर्वीचा तोच आठवडा काढून बघा. त्या आठवड्यात तो कुठे खेळला होता आणि काय जिंकला होता, हे कळल्याशिवाय त्या चौकटीवर विश्वास ठेवू नका.